शहरात जवळचं कुणी

सीना नदीचं पाणी काठच्या गावांत शिरलं त्याला आज तिसरा दिवस, आणि राजश्रीला आता जुन्या साड्यांचा राग यायला लागला होता.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये एकशे बेचाळीस माणसं उतरली होती. दारात रिक्षा थांबली की गाठोडं उतरायचं, आणि गाठोड्यात साड्या. आहेरात आलेल्या, घडी न मोडलेल्या, कुणाच्या तरी सासूला न आवडलेल्या. लोक मनापासून आणत होते, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. पण प्रश्न नेसायचा नव्हताच, निजायचा होता. घट बसायच्या आधी सीनाकाठच्या गावांत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. यंदाही बायकांनी दोन दिवस कंबर मोडून वाकळा धुतल्या, काठावरच्या बाभळींवर वाळत घातल्या, आणि वरच्या धरणांतून पाणी सुटलं तेव्हा पहिल्यांदा गेल्या त्या वाकळाच. माणसं आली ती ओल्या कपड्यांनिशी आणि मोकळ्या हातांनी.

"देवीसाठी घर धुतलं आन नदीनं घरच नेलं," सावळेवाडीची सोजरबाई परवापासून येईल त्याला सांगत होती. "आता देवीला म्हनावं, बस कुटं बसायचं ती."

राजश्री झेडपीत कारकून होती. बावीस वर्षं तिने रकाने भरले आणि दुसऱ्यांनी भरलेले तपासले. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे नुसते धावपळ करत होते तेव्हा हिने एक कागद आखला: नाव, वय, गाव, सोबत कोण, चालू औषध, आणि शेवटी 'शहरात जवळचं कुणी'. ज्याचं कुणी सोलापुरात असेल त्याला तिकडे पोचवायचं, म्हणजे हॉलमधली तेवढी जागा दुसऱ्याला होते. कागद इतका सोयीचा निघाला की शहरातल्या सातही निवाऱ्यांनी तोच घेतला. खाली राजश्रीची एक तळटीपही होती, खाडाखोड करू नये. पुरात सापडलेल्या माणसांच्या कागदावर असली टीप बरी दिसत नाही असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं, पण टीप राहिली.

नवरा, म्हणजे दीपक, अकराच्या सुमाराला चादरी घेऊन आला. तो पेठेतल्याच एका चादरीच्या कारखान्यात मुकादम होता. मालकाने विणताना नक्षी चुकलेल्या दोनशे चादरी काढून दिल्या होत्या.

"यातल्या मोरांना माना नाहीत," राजश्री एक उलगडून म्हणाली.

"शेठ म्हणाले, पांघरायला मोराची मान लागत नाही."

तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. एकशेवीस इथे, ऐंशी अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयातल्या निवाऱ्याला, असा तिने हिशेब लावला आणि ऐंशी कशातून पाठवायच्या याचा विचार करत असतानाच दारात सुमितचा टेम्पो येऊन थांबला.

सुमित हा दीपकचा चुलतभाऊ. पाणी आलं तेव्हा तो वैरागला कांद्याच्या पिशव्या भरत होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, सावळेवाडीच्या घरात त्याची आई राजाबाई एकटी होती. तीन दिवस त्याने अंगावरचा सदरा बदललेला दिसत नव्हता.

"वैनी, हितं तरी हाय का आई?"

राजश्रीने उत्तराऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यावरून काय ते सुमितला समजलं. तो पायरीवर बसला आणि पाणी तसंच हातात धरून राहिला.

"पाच ठिकानी जाऊन आलो. राजाबाई धोंडीराम सरवदे, सावळेवाडी. समदी यादी बगत्यात आन मुंडी हालवत्यात."

सोजरबाई लगबगीने जवळ आली. "मी वरडले रं तिला. राजाबाई, चल म्हनलं. ती म्हनली, म्हशीचं दावं सोडून येते. मदी पानी आलं. मागनं पल्याडच्या अंगाला बोट आलती म्हनत्यात. त्या बोटीत आसंल की."

"आन म्हैस?"

"म्हैस कवाच आली. शाळंजवळ हुबी हाय."

सुमित ओठ चावत राहिला. दीपकला या घटकेला सांत्वनाचं काहीतरी बोलायचं होतं. पण काही माणसांच्या तोंडून काळजीसुद्धा उलटतपासणीसारखी निघते, तसं झालं.

"फोन लावला होतास का?"

"मोबाईल घरात चार्जिंगला. गेला पान्यात. तिला माजा नंबर पाठ न्हाय, कुनाचाच न्हाय."

"दोन दिवस आधी इशारा दिलेला होता, सुमित. तिला एकटीला ठेवून वैरागला जायची गरज होती का?"

"मग कुटं आनून ठिवाय पायजे हुती?" सुमितने वर बघितलं. "तुमच्याकडं?"

अकरा वर्षांपूर्वी सुमितचे वडील धोंडीराम यांना किडनीच्या दुखण्यासाठी सोलापूरला आणलं होतं. चाळीस दिवस ते भवानी पेठेत भावाच्या घरी राहिले आणि तिथेच गेले. तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, दीपकच्या आईने म्हणजे विठाबाईने आपल्या धाकट्या जावेकडे बघून म्हटलं, "कानडी पायगुण, दुसरं काय." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पायगुण वगैरे सगळं झूट आहे हे दोन पिढ्या पोरांना शिकवलेलं घर. तिथे हे वाक्य बोललं गेलं आणि कुणी ते खोडून काढलं नाही. राजाबाई माहेरची अक्कलकोटकडची. ती उठली, पिशवी घेतली आणि एसटीला जाऊन बसली. पुढे विठाबाईचे मालक त्रिंबकराव तिला आणायला स्वतः गेले होते, ते एकटेच परत आले. आता तेही नव्हते.

"ते दुःखातलं बोलणं होतं रे," दीपक शेवटी म्हणाला.

"नवरा माज्या आईचा गेलता, दादा. ती काय बोलली का कुनाला? तू तितंच हुबा हुतास की तवा."

"दोघं गप्प बसा आणि चादरी उतरवा," राजश्री म्हणाली. मग जरा थांबून, सुमितलाच उद्देशून, "मागच्या मंगळवारी माझं काकींशी बोलणं झालं होतं. बऱ्या होत्या. सुनेच्या बाळंतपणाला जाते म्हणत होत्या पुढच्या महिन्यात."

"तू बोललीस?" दीपक म्हणाला.

"दर महिन्याला बोलते. ऑफिसमधून."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सुमितने वहिनीकडे बघितलं. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, पण वहिनी ती अशी चारचौघांत नवऱ्यासमोर सांगेल असं वाटलं नव्हतं. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग उठून चादरींच्या गठ्ठ्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक दीपकने धरलं. गठ्ठा तर उतरला.

*

विठाबाईला कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

हॉलमध्ये सावळेवाडीची माणसं आलीत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. सून संध्याकाळी घरी येऊन सोजरबाईच्या गुडघ्याचं सांगायची, कुणाच्या नातवाच्या तापाचं सांगायची, पण एक नाव घेत नव्हती. त्यावरूनच म्हातारीने ताडलं. विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारलं असतं तर अकरा वर्षं न विचारल्याचं काय करायचं? म्हणून ती भाकरी करत बसली. शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन दिवसांत तिने दीडशे भाकरी थापल्या. पातळ थापायच्या, चुलीच्या कडेला लावून कडक करायच्या. अशी भाकरी पंधरा दिवस टिकते. तिच्या हातची कडक भाकरी पेठेत नावाजलेली होती आणि तिच्या जिभेविषयीही पेठेचं तेच मत होतं.

दुपारी नात भाकरी न्यायला आली. धम्मप्रिया नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईने तिच्यावर सातही निवाऱ्यांच्या याद्या जुळवायचं काम टाकलं होतं. उंबऱ्यात बसून ती मोबाईलवर नावं वाचत होती. एखादं नाव दोन ठिकाणी आलं की जेवणाचा अंदाज चुकतो, म्हणून मोठ्याने.

"मंगल कार्यालय, अक्कलकोट रोड. शांतम्मा मल्लप्पा, सत्तर. कमलम्मा बसप्पा, अठ्ठावन्न. रत्नम्मा सिद्राम, पासष्ट. तिकडं सगळ्या अम्माच आहेत बघ आजी. पुढं—"

"माघारी वाच."

"कमलम्मा बसप्पा?"

"त्याच्या म्होरलं."

"रत्नम्मा सिद्राम. वय पासष्ट. गाव तोळणूर. सोबत कुणी नाही."

विठाबाईने हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. "आजून काय लिवलंय?"

"औषध, रक्तदाबाची गोळी. शहरात जवळचं कुणी, नाही."

म्हातारी पदराने हात पुसायला लागली. पीठ निघालं तरी पुसतच होती.

"ती तुजी धाकटी आज्जी हाय," ती म्हणाली.

"राजाबाई आजी? आजी, तिचं नाव राजाबाई आहे. आधारवर तेच आहे, आईने मला दाखवलं."

"आधार आलं कवा आन ती आली कवा? सतरा वर्साची हुती. तोळणूरच्या सिद्रामाची लेक, रत्नम्मा. मराटी धड येत न्हवतं. मला मेलीला रत्नम्मा म्हनायला यायचं न्हाय. जीभ वळत न्हाय म्हनले, आन हळदीच्या अंगानं हुबी हुती तवाच नाव बदलून टाकलं. राजाबाई. मला वाटलं, लई भारी नाव दिलं." विठाबाई थांबली. "चार म्हैने हाक मारली तर वळून बगायची न्हाय. गावात म्हनायचे, तिरंबकच्या भावानं भैरी बायकू केली. भैरी न्हवती. तिला वाटायचं, दुसऱ्याच कुनाला हाक मारत्यात."

धम्मप्रियाला आजीने एवढं सलग बोललेलं आठवत नव्हतं. ती फोन लावायला उठली तर विठाबाईने तिचा हात धरला.

"फोन नगं. माजी चप्पल कुटं हाय बग."

*

दोन गल्ल्यांचं अंतर चालायला विठाबाईला पंधरा मिनिटं लागली. तिला हॉलच्या दारात बघून दीपक चादरी टाकून धावला, आणि सुमित जागचा हलला नाही.

धम्मप्रियाने एका दमात सगळं सांगितलं. सुमितने तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि तो इतका जवळ धरला की वाचता येत असेल की नाही कोण जाणे.

"तोळणूर माज्या मामाचं गाव हाय," तो म्हणाला. "त्या हालात काल मी दारातनंच इचारलं. राजाबाई सरवदे हाय का म्हनलं. न्हाय म्हनले आन मी माघारी फिरलो."

"नावाचा योगायोग असेल," दीपक म्हणाला. त्याला आशा लावून घ्यायची भीती वाटत होती. "त्या भागात घरटी एक रत्नम्मा असते. आधी फोन करून खात्री करू. आई, तू कशाला या उन्हात—"

"मी जानार हाय."

"मोठीआई," सुमित पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. आवाज चढवला नव्हता. "आई आसली तर मी तिला आनतो. तुमी नगा येऊ. तुमास्नी बगून ती तितनंबी उटून जाईल. आता कुटं जानार? घरबी ऱ्हायलं न्हाय."

हे ऐकून विठाबाईचा चेहरा पडला. तिला उलट बोलता आलं असतं, त्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि सुनेकडे बघितलं. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, सासूने आपल्याकडे मदतीसाठी बघितल्याचं राजश्रीला हे पहिलंच आठवत होतं.

"ऐंशी चादरी तिकडं पोचवायच्याच आहेत," राजश्री म्हणाली. "टेम्पो रिकामा आहे. सुमित, तू चालव. आत्या पुढं बसतील, मी पण येते. अहो, तुम्ही इथं थांबा, चारला डॉक्टर येणार आहेत."

"पण—" दीपक म्हणाला.

"नाव आत्यांना आठवलं. तुम्हाला नाही, सुमितला नाही, मला नाही. त्या जाणार."

विठाबाईला टेम्पोत चढवायला दोघांचे हात लागले, आणि त्यातला एक सुमितचा होता.

टेम्पो शहराबाहेर पडला. चिखलाने भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते.

"मला का ठाव न्हाय आईचं नाव?" सुमितने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. "मामा कधी बोलले न्हाईत."

"तुजे मामा समदे तिच्या पाठचे. अक्का म्हनत्यात तिला. नाव घ्यायला थोरलं कोन ऱ्हायलंय?"

"बत्तीस वर्सं आई आईच करतोय मी." त्याने गिअर बदलला. थोड्या वेळाने म्हणाला, "दुसरीच कुनी निगाली तर?"

"तर तिला चादर दिऊ आन म्होरल्या ठिकानी जाऊ," विठाबाई म्हणाली.

राजश्रीने खिडकीकडे तोंड फिरवलं. शेजारी सासू ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. आधी राजश्रीला वाटलं त्रिसरण चाललंय. कान दिला तेव्हा कळलं, म्हातारी एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळत होती.

*

मंगल कार्यालयाचं फाटक अरुंद. सुमित टेम्पो मागेपुढे करून आत घालत होता, तेवढ्यात विठाबाई खाली उतरली. जिला तीन पायऱ्या चढायला हात लागायचा ती बाई राजश्रीच्या पुढे निघून अंगणात पोचलीसुद्धा.

मांडवाखाली बायका गोल करून तूर डाळ निवडत होत्या. मधूनमधून कानडीत हसणं चालू होतं. पाठमोरी एक, पांढऱ्या केसांचा अंबाडा, अंगावर कुठल्याशा आहेराची जांभळी नवी साडी. पाठीवरून काही ओळखू येईना. ती पाठ अकरा वर्षांत बरीच वाकलेली असणार, आणि जांभळा रंग राजाबाईने जन्मात नेसला नव्हता.

"राजाबाई," विठाबाईने हाक मारली.

दोन बायकांनी मान वर केली. त्या पाठीने नाही.

"ए राजाबाई."

डाळीत बोटं फिरत राहिली. सुमित टेम्पोतून उतरून मागे येत होता, त्याला काय सांगायचं ते राजश्री मनात जुळवायला लागली.

विठाबाई आणखी दोन पावलं पुढे गेली. तिने घसा साफ केला.

"रत्नम्मा."

बोटं थांबली. ती बाई वळली, आधी मान, मग सगळीच, ताट मांडीवर तसंच धरून. तीच होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, कपाळावर खरचटलेलं, पण तीच. ती विठाबाईकडे बघत राहिली, आणि विठाबाईला पुढचं काही सुचेना. टेम्पोत फक्त नावाचीच तयारी झाली होती.

"अक्का," राजाबाई म्हणाली. "वळली की तुमची जीभ."

"वळली बग. अट्टेचाळीस वर्सं लागली." विठाबाईचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. "मी वंगाळ बोलले गं. तुजा मानूस गेल्याला आन मी पायगुन म्हनले. लई चुकलं माजं."

"व्हय. चुकलंच," राजाबाई म्हणाली. मग तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. गुडगं दुकत आसतील."

तेवढ्यात सुमित आला. बत्तीस वर्षांचा बाप्या माणूस डाळीचं ताट सांडून आईच्या कुशीत शिरला आणि मोठ्याने रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तो जरा शांत झाल्यावर तिने विचारलं, "म्हैस?"

"शाळंजवळ हाय."

"दावं सुटंना लवकर. गाट लई आवळून मारलीती तू," ती म्हणाली, आणि मग कुठे तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजश्रीने फोन लावला. पलीकडे दीपकला "आहे" एवढंच म्हणाली. त्याने लगेच हॉलमध्ये कुणाला तरी ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं आणि सोजरबाईचा आवाज इथपर्यंत आला.

नोंदी करणारी गुरम्मा वही घेऊन आली. निवृत्त अंगणवाडी सेविका, वहीच्या बाबतीत राजश्रीच्याच जातकुळीची. हा काय प्रकार आहे ते तिला समजून घ्यायचं होतं.

"काल हा पोरगा दारात आला तवा मीच नाही म्हनले की," ती अपराधी होऊन म्हणाली. "मला काय ठाव, दोन नावं हायत."

"मलाबी कुटं ठाव हुतं?" राजाबाई म्हणाली. "ओली-चिंब आले हितं, थंडीनं दात वाजत हुते. आन ही बाई जवळ बसून म्हनली, निम्म हेसरेनु? तुजं नाव काय. आमच्या भाषेत कुनी नाव इचारलं न्हवतं की लगीन झाल्यापास्नं. तोंडातनं आपसूक गेलं. आन गाव कंचं म्हनली, तर तोळणूर गेलं."

विठाबाई हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. एक गोष्ट तिला विचारायचीच होती, आणि विचारल्यावाचून तिला पुढचा घास गेला नसता.

"आन सोलापुरात जवळचं कुनी न्हाय म्हनून सांगितलंस, ते?"

राजाबाईने सांडलेल्या डाळीतले चार दाणे वेचून ताटात टाकले.

"ते मराटीत इचारलं हुतं," ती म्हणाली.

क्षणभर राजश्रीला वाटलं, संपलं, आता परत एसटी. पण विठाबाई खुर्चीत मागे टेकली आणि तिच्या पोटातून हसू आलं. खरं तर ते लागायला हवं होतं, आणि लागलंही. पण अकरा वर्षं ज्या बोलण्याचा मार खायचा राहून गेला होता तो आज एका वाक्यात मिळाला आणि तिला एकदम हलकं वाटलं. राजाबाईचेही ओठ हलले. ती हसायला तयार नव्हती, पण फार वेळ आवरता आलं नाही.

"घरी चल," विठाबाई म्हणाली. "दीडशे भाकरी करून ठेवल्यात."

"तुमच्या कडक भाकरी मला चावत न्हाईत, अक्का. दात पडले दोन."

"दुदात कुस्करून दिईन."

राजाबाई उठली आणि पिशवी आणायला आत गेली. पिशवीत होतं काय, तर दानातली एक साडी आणि गोळ्यांची पट्टी. अकरा वर्षांपूर्वीही ती अशीच पिशवी घेऊन निघाली होती, हे विठाबाईच्या ध्यानात आलं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी न बोलणं तिला आज जमत होतं.

सुमित आणि दोन माणसांनी ऐंशी चादरी उतरवल्या. बिनमानेचे मोर बघून बायकांची करमणूक झाली. गुरम्माने वही उघडून मांडीवर घेतली. माणूस निवाऱ्यातून न्यायचा तर नेणाऱ्याचं नाव आणि नातं लागत होतं, राजश्रीनेच तो नियम केला होता.

"कोण नेतंय?"

"मी," विठाबाई म्हणाली. "विठाबाई तिरंबक सरवदे, भवानी पेठ."

"नातं?"

"जाऊ."

"जावा की, कोण धरलंय?" गुरम्मा म्हणाली. "आधी नातं तर सांगा."

"जाऊ गं बाई. जाऊ."

"अहो, जाल हो. टेम्पो उभाच आहे. नातं लिहिल्याबिगर कसं सोडू?"

सुमितला आधी हसू फुटलं, मग राजश्रीला. विठाबाई हताश होऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी राजाबाईने गुरम्माच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का लिव्ह," ती म्हणाली.

ते गुरम्माला एका शब्दात समजलं. नात्याच्या जागी तिने अक्का लिहिलं. मग पानभर मागे बोट नेऊन 'शहरात जवळचं कुणी' या रकान्यापाशी थांबली, आणि राजश्रीकडे बघून विचारलं, "हितं 'नाही' आहे. खाडाखोड चालंल का मॅडम?"

"चालेल," राजश्री म्हणाली, आणि खोडलेल्या शब्दाशेजारी स्वतःची सही केली.